अंगठ्याखालचा कागद

रात्रीचं जेवण उरकलं की आमच्या घरी टीव्हीवर एखादी गुन्हेगारी मालिका लागते. बायकोला आणि धाकट्या मुलीला या मालिकांचा भारी नाद. मी हातात पुस्तक घेऊन शेजारी बसतो, पण खरं सांगायचं तर निम्मं लक्ष पडद्याकडेच असतं. दूरदर्शनवर 'एक शून्य शून्य' लागायची, तेव्हापासूनची ही सवय आहे.

काही दिवसांपूर्वी एका भागात गावातल्या म्हाताऱ्या सावकाराचा खून झाला होता. तपास करता करता पोलीस एका जुन्या कर्जापर्यंत पोचले. कपाटात पिवळा पडलेला कागद सापडला, त्यावर अंगठा होता, आणि तो अंगठा कर्ज घेणाऱ्याचा नव्हताच. तीस वर्षांपूर्वीची फसवणूक उघडी पडली, खुनामागचं कारण कळलं, खुनी सापडला. जाहिराती धरून सगळा निकाल तासाभरात! जुन्या प्रसंगात तो सावकार पहिल्यांदा दिसला, त्याची पगडी आणि बोलण्याची ढब दिसली, तेव्हाच मुलगी म्हणाली, "अब्बा, लबाड हाच असणार बघा." तिचं म्हणणं बरोबर ठरलं.

मला मात्र त्या रात्री बराच वेळ झोप लागली नाही. तसे दोन कागद आमच्या घरी पत्र्याच्या ट्रंकेत आहेत. वडिलांनी ते एका जुन्या रुमालात बांधून ठेवले होते. "हे वाचायला शीक," एवढंच ते मला म्हणाले होते. मी बी.ए. झालो, कविता लिहू लागलो, पण ते कागद मला वाचता येत नव्हते. ते मोडीत होते. आजोबांना अक्षरओळखच नव्हती आणि नातू पदवीधर होऊनही त्या कागदापुढे तितकाच निरक्षर! शेवटी मोडी जाणणाऱ्या एका गृहस्थांकडून मी ते वाचून घेतले. त्या कागदांत काय होतं ते सांगतो, पण त्याआधी थोडं मागं जावं लागेल. आजोबांचा अंगठा कळायचा असेल तर १८७५ सालचं सुपे कळायला हवं.

कवी आहे म्हणून आधी एका शब्दाबद्दल बोलतो. मराठीत आपण 'व्याज' म्हणतो. संस्कृतात या शब्दाचा अर्थ आहे बहाणा, कपट, सोंग. शाळेत आपण व्याजस्तुती आणि व्याजोक्ती हे अलंकार शिकतो. वरून स्तुती आणि आतून निंदा, ती व्याजस्तुती. म्हणजे आपल्या भाषेत कर्जाची वाढ आणि फसवणूक एकाच शब्दात नांदतात. आणि 'सावकार' हा शब्द 'साधू'पासून आलेला! उरलेले शब्द आमच्या बाजूने आले. कर्ज, रक्कम, मुदत, जामीन, जप्ती, वसुली, दस्तऐवज, हे सगळे अरबी-फारसीतून मराठीत मुरले. अडचणीच्या या एका विषयात दोन भाषांनी मिळून शब्द पुरवलेत. कारण अडचण कुणा एका धर्माची नव्हती.

आता इतिहासाकडे वळू. पेशवाई १८१८ साली संपली आणि दख्खनेत कंपनी सरकारने रयतवारी पद्धत आणली. प्रत्येक शेतकऱ्याशी सरकारचा थेट संबंध. सारा ठरलेला, तो रोखीत आणि ठरलेल्या हप्त्याला भरायचा. पाऊस पडो न पडो, हप्ता चुकला तर जमीन जप्त. पीक घरात यायच्या आधी रोकड कुठून आणायची? गावात रोकड एकाच ठिकाणी होती, सावकाराच्या घरी. म्हणजे सरकारचा सारा वेळेवर खजिन्यात पडत होता तो निम्मा सावकाराच्या आधारावर. सावकार गावाला नको होता असं कुणी म्हणू नये. बियाण्याला तोच, बैलाला तोच, मुलीच्या लग्नाला तोच.

पूर्वीही सावकार होते, व्याजही होतं. पण त्याला गावाची एक मर्यादा होती. दामदुप्पट म्हणून नियम होता. व्याज कितीही साचलं तरी ते मुद्दलापेक्षा जास्त वसूल करायचं नाही, असा त्याचा अर्थ. शिवाय सावकाराला गावातच राहायचं असे, पाटलाच्या आणि पंचांच्या नजरेसमोर. इंग्रजी दिवाणी कोर्ट आल्यावर ही नजर दुबळी झाली. कोर्ट गावापासून लांब, तिथली भाषा वेगळी, आणि तिथे साक्षीला माणसापेक्षा कागद मोठा. कागदावर शंभर लिहिलं असेल तर शंभर. शेतकऱ्याच्या हातात प्रत्यक्षात साठच पडले होते, हे ऐकून घ्यायला तिथे कुणी बसलेलं नव्हतं.

त्यातच १८५९ साली मुदतीचा कायदा आला. कर्जरोखा तीन वर्षांपुरताच ग्राह्य धरायचा, असं ठरलं. हेतू चांगला होता. व्याजाचा डोंगर साठू नये, हा. पण सावकाराने तो कायदा अलगद उलटा फिरवला. तीन वर्षं भरत आली की तो शेतकऱ्याला बोलावून घ्यायचा, मुद्दलात सगळं व्याज मिळवायचा आणि नव्या आकड्याचा नवा रोखा लिहून घ्यायचा. जुन्या कर्जाचं व्याज आता नव्या कर्जाचं मुद्दल होई. पुढच्या तीन वर्षांनी पुन्हा तेच. शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून जास्त व्याज लावल्याचं एक उदाहरण पुढे चौकशीत नोंदलं गेलं. दामदुप्पट कुठल्या कुठे राहिली!

फसवणुकीच्या रीती किती बारीक होत्या, ते त्या काळच्या दस्तांवरून कळतं. पैसे फेडले तरी पावती द्यायची नाही. धान्य घ्यायचं ते पडत्या भावाने वहीत मांडायचं. कोऱ्या कागदावर अंगठा घेऊन ठेवायचा. चौकशीच्या कागदपत्रांतलं एक भाडेखत तर मला विसरता येत नाही. शेतकरी कर्जापोटी आपले चार बैल आणि दोन गाड्या सावकाराला विकतो. गाड्यांचे लोखंडी कणेसुद्धा त्यात लिहिलेले. आणि लगेच तेच बैल, त्याच गाड्या तो सावकाराकडून प्रत्येकी महिना चार रुपये भाड्याने घेतो. भाडं दिल्याची पावती सावकाराच्या हातची घ्यायची आणि ती नसेल तर भाडं दिलं होतं असा वाद मी घालणार नाही, हेही त्यातच तो लिहून देतो. बैल गोठ्यातून हललेही नसतील. नुसत्या कागदाने ते परक्याचे झाले, आणि मालक आपल्याच बैलांचा भाडेकरू झाला.

दरम्यान सातासमुद्रापार एक युद्ध पेटलं. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी चालली होती. इंग्लंडच्या गिरण्यांना त्याआधी तीनचतुर्थांश कापूस अमेरिकेतून मिळे, तो बंद पडला. मुंबईच्या व्यापाऱ्यांनी हात सैल सोडले, त्यांचा पैसा सावकारांमार्फत खेड्यांत आला आणि कर्ज मागेल त्याला मिळू लागलं. युद्ध संपलं आणि भाव कोसळले. सावकारांनी हात आखडले, जुनी बाकी मागायला सुरुवात केली. नेमकं याच सुमारास पहिली तीस वर्षांची साराआकारणी संपत होती. १८६७ साली इंदापूरपासून फेरआकारणी सुरू झाली आणि सारा वाढला. काही ठिकाणी ही वाढ पन्नास टक्क्यांहून अधिक होती. भाव उतरलेले, सारा चढलेला आणि सावकाराने दार लावून घेतलेलं. शेतकरी तिन्ही बाजूंनी कोंडला गेला.

पहिली ठिणगी पडली ती शिरूर तालुक्यातल्या करडे गावात, १८७४ च्या अखेरीला. आश्चर्य म्हणजे तिथे कुणी काठी उचलली नाही. गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला. त्यांच्या दुकानातून माल घ्यायचा नाही, त्यांची शेतं कसायची नाहीत. न्हावी हजामत करीना, परीट कपडे धुवीना, चांभार वहाणा शिवीना. हे लोण पुणे, नगर, सोलापूर, सातारा या जिल्ह्यांतल्या गावांत पसरलं. पण बहिष्काराने कागद मरत नाही. सावकाराची दाढी वाढली तरी त्याच्या पेटीतला रोखा तसाच असतो आणि कोर्टाचा हुकूमनामाही तसाच असतो.

आणि १२ मे १८७५ हा दिवस उजाडला. पुणे जिल्ह्यातलं सुपे. पारनेरजवळचं सुपे ते वेगळं. हे आजच्या बारामती तालुक्यातलं, तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातलं, शहाजीराजांच्या जहागिरीतलं. बाजारपेठेचं गाव असल्यामुळे दुकानदार आणि सावकार इथे बरेच होते. आसपासच्या खेड्यांतून बाजाराला आलेली माणसं एकत्र झाली आणि सावकारांच्या घरांवर चालून गेली. धान्याची दुकानं लुटली गेली, काही घरांना आगी लागल्या. पण जमावाला सगळ्यात आधी हव्या होत्या त्या वह्या आणि रोखे. ते बाहेर काढले गेले आणि पेटवले गेले.

तिथून ही आग गावोगाव गेली. पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या तीसहून अधिक गावांत दंगे झाले. सावकार घरदार टाकून पळाले. पोलिसांची ठाणी बसली, लष्कर आलं, धरपकड झाली, अनेकांना शिक्षा झाल्या. पण या सगळ्या प्रकारात एक गोष्ट सरकारी चौकशीलाही नोंदवावी लागली. जिथे सावकाराने कागद मुकाट्याने काढून दिले, तिथे बहुतेक वेळा पुढे काही घडलं नाही. माणसांवरचे जीवघेणे हल्ले फार कमी झाले. ज्यांना अक्षर वाचता येत नव्हतं, त्यांना आपला मारेकरी नेमका ओळखता आला होता. तो पेटीत घडी करून ठेवलेला होता.

इतिहासकारांत याबद्दल मतभेद आहेत, तेही सांगायला हवेत. नील चार्ल्सवर्थ यांनी १९७२ साली लिहिलेल्या लेखात या दंग्यांच्या मोठेपणाला मिथकच ठरवलं. गावं थोडी, नुकसान मर्यादित, मग एवढा गाजावाजा कशाला, असा त्यांचा रोख. आकड्यांच्या हिशेबाने त्यात तथ्य असेल. बी.ए.ला इतिहास असताना आमच्या पुस्तकातही हा विषय चार ओळींत आटोपला होता. पण गाव किती होती यापेक्षा त्या गावांनी जाळायला काय निवडलं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

मालिकेत पुढचा टप्पा तपासाचा असतो. इथेही तपास झाला. १८५७ ची आठवण ताजी होती. त्यामुळे हिंदुस्थान सरकार धास्तावलं आणि त्याच्या आग्रहावरून मुंबई सरकारने चौकशी आयोग नेमला. आयोगाने गावोगावच्या साक्षी घेतल्या, रोखे तपासले, पिकांचे भाव, व्याजाचे दर गोळा केले. १८७८ साली तो अहवाल ब्रिटिश पार्लमेंटपुढे गेला. आज या प्रकरणाबद्दल आपल्याला जे कळतं, त्यातलं पुष्कळसं त्या अहवालामुळेच कळतं. भाडेखताचा तो कागदही त्यातलाच. पण आयोगापुढे एक प्रश्न मुद्दाम ठेवला होता. सरकारी साऱ्याचा बोजा हे दंग्यांचं कारण आहे का? आयोगाचं उत्तर आलं, नाही. दोष सावकाराचा.

आता तुम्हीच विचार करा. एखाद्या मालिकेत संशयित दोन आहेत आणि तपास करणारा अधिकारी त्यातल्या एकाच्या घरचा पगार खातो. निकाल काय लागेल? पुणे सार्वजनिक सभेतली मंडळी साऱ्याच्या बोजाबद्दल आधीपासून बोलत होती. महात्मा फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिलं, त्यात त्यांनी सावकाराला सोडलं नाहीच, पण सरकारी कचेरीलाही सोडलं नाही. शेतकऱ्याला लुबाडणाऱ्या हातांची अख्खी रांग त्यांनी दाखवली. सरकारी अहवालात मात्र रांगेतला एकच माणूस पुढे ओढला गेला.

इथे मला जरा थांबावंसं वाटतं. दंग्यांत मार बसला तो प्रामुख्याने गुजर आणि मारवाडी सावकारांना. जिथे ब्राह्मण किंवा इतर जातींचे सावकारही तोच धंदा करत होते, तिथे ते बहुधा वाचले. हे आयोगानेच लिहून ठेवलं आहे. धंदा सगळ्यांचा एकच होता, पण राग निवडक होता. जो परका, ज्याची बोली वेगळी, ज्याची पगडी वेगळी, त्याचं दार आधी फुटलं. त्याच पगडीवरून माझ्या मुलीने लबाड ओळखला.

मी मुसलमान आहे. पडद्यावर डोळ्यांत सुरमा, गळ्यात ताईत असलेला माणूस आला की पुढे काय होणार, ते आमच्या घरात सगळ्यांना आधीच कळतं. आम्ही एकमेकांकडे बघत नाही, पण कळतं. म्हणून मी मुलीला म्हणालो, "बाळा, पगडीवरून चोर ओळखशील, तर उद्या सुरम्यावरून कुणी तुझ्या बापाला ओळखेल." आणि आमच्यातही व्याजाचा धंदा करणारे होतेच की. मुंबईच्या गिरणगावात पगाराच्या दिवशी फाटकाशी काठी घेऊन उभे राहणारे पठाण धर्माने माझेच. धर्मात व्याज हराम, आणि तरी कामगाराची उरलीसुरली कमाई त्यांच्या खिशात जाई.

आयोगाच्या अहवालानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा हे चार जिल्हे त्यात होते. शेतकऱ्याला कर्जापायी तुरुंगात टाकणं बंद झालं. पावती देणं, मागितल्यास हिशेब देणं सावकाराला भाग पडलं. दस्त गावच्या निबंधकापुढे करायचे ठरले, म्हणजे लिहिलेलं वाचून दाखवणारा एक तिसरा माणूस आला. रोख्यांची मुदत वाढवली, म्हणजे दर तीन वर्षांनी नवा अंगठा घेण्याचं निमित्त गेलं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, न्यायाधीशाने कागदावर थांबायचं नाही, कागदाच्या मागे जायचं, असा त्या कायद्याचा हुकूम होता. व्यवहार पहिल्यापासून उकलायचा, हातात खरे पैसे किती पडले, फेडले किती, व्याजावर व्याज किती चढलं, हे पाहायचं. जे जमावाने आगीने करायचा प्रयत्न केला, ते निदान पुस्तकात तरी कायद्याने मान्य केलं. रोख्यालाही इतिहास असतो, आणि तो विचारला पाहिजे.

पण लबाडी कायद्याच्या एक पाऊल पुढे चालते. गहाणखतावर कोर्ट प्रश्न विचारतं, असं दिसल्यावर सावकारांनी सरळ खरेदीखत लिहून घ्यायला सुरुवात केली. कागदावर जमिनीची कायमची विक्री. तोंडी वचन मात्र असं, की पैसे फेड, जमीन तुझी तुला परत लिहून देतो. तोंडी वचनाला साक्षीदार नाही. पुढे कायद्यात दुरुस्ती करून अशा विक्रीचं खरं रूप तपासायची मुभा कोर्टाला दिली गेली. पण त्यासाठी शेतकऱ्याने आधी कोर्टाची पायरी चढायला हवी. आणि चढता येते, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं.

आता आमच्या ट्रंकेतल्या कागदांकडे येतो. पहिला कागद खरेदीखत आहे. एकोणीसशे तिसाच्या मंदीनंतरचा, धान्याला भाव नव्हता त्या काळातला. आजोबांनी ऐंशी रुपये घेतले होते, असं वडील नेहमी सांगत. कागदात तीनशे आहेत. ओढ्याकाठची जमीन राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कुणाच्या धाकाशिवाय कायमची विकली, किंमत रोख भरून पावलो, असं त्यात लिहिलेलं आहे. 'भरून पावलो' हे शब्द मोडीवाल्या गृहस्थांनी वाचले, तेव्हा मला हसू आलं आणि लगेच मन भरून आलं. वैतागलेला माणूस आपल्याकडे हेच म्हणतो ना, "भरून पावलो बाबा!" खाली आजोबांचा अंगठा. शाई जरा फाकलेली, जणू देताना हात थरथरला असावा. आजोबांनी पुढे पैसे फेडले, पण जमीन परत आली नाही. वचन तोंडी होतं आणि वचन देणारा माणूस वारला. त्याच्या मुलाने कागद पुढे केला. तेव्हा तो शेतकरी-दिलाशाचा कायदा जिवंत होता. आजोबा कोर्टात गेले असते, तर न्यायाधीशाला कागदाच्या मागे जावं लागलं असतं. पण असा कायदा आहे, हे त्यांना कुणी सांगितलंच नाही. हे मला त्या ऐंशी आणि तीनशेपेक्षाही जास्त लागतं.

दुसरा कागद फाटलेला आहे. आपोआप जीर्ण झालेला नव्हे, मधोमध फाडलेला. तो पंचवीस रुपयांचा रोखा आहे, दुसऱ्या एका सावकाराचा. एका वाईट वर्षी आजोबा व्याज फेडू शकले नाहीत. तेव्हा त्याने मुद्दल घेतलं, व्याज सोडलं, आणि रोखा आजोबांच्या समोर फाडून त्यांच्या हातात दिला. वडिलांनी दोन्ही कागद एकाच रुमालात का बांधले असतील, याचा विचार मी खूप वर्षं करत आलो. ते दोन्ही सावकार एकाच समाजाचे होते. एकाच आळीत राहत होते. एकाच दुकानातली शाई वापरत असतील. वडिलांनी मला शिकवायची गोष्ट त्या गाठीत बांधून ठेवली होती.

लहानपणी मी कुराण अरबीत पाठ केलं, अर्थ न कळता. पुढे मराठीतून अर्थ वाचला तेव्हा चकित झालो. कुराणातली सर्वांत लांब आयत कर्जाच्या कागदाबद्दल आहे. कर्ज लिहून ठेवा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावं, साक्षीदार असावेत, असं ती सांगते. आणि त्यातली एक अट मला फार मोलाची वाटते. मजकूर सांगायचा तो कर्ज घेणाऱ्याने. त्याला सांगता येत नसेल, तर त्याच्या पालकाने. म्हणजे कागदावर शब्द दुबळ्याचा असावा. सुप्यात, आणि आमच्या गावातही, हे बरोबर उलटं झालं होतं. सांगणारा सावकार, लिहिणारा त्याचा कारकून आणि अंगठा तेवढा शेतकऱ्याचा.

आणि सुप्याच्याच पुणे जिल्ह्यात, देहूला, अडीचशे वर्षांपूर्वी एका सावकारी घरातल्या मुलाने हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला होता. परंपरा सांगते, की १६३० च्या दुष्काळानंतर तुकोबांनी घरातली कर्जखतं काढली, निम्मी धाकट्या भावाला, कान्होबाला, दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली. पुढे त्यांच्या अभंगांच्या वह्याही त्याच नदीत बुडवल्या गेल्या, आणि त्या तरल्या, असं आपण मानतो. खतं मात्र तरली नाहीत. ती तरावीत असं कुणाला वाटलंच नसावं. ज्याच्याकडे कागद होता त्यानेच तो सोडला, म्हणून देहूला आग लागली नाही.

आज अंगठ्याची जागा मोबाईलच्या पडद्याने घेतली आहे. कर्ज देणाऱ्या ॲपमध्ये पानंच्या पानं मजकूर येतो आणि खाली 'मी सहमत आहे' असं बटण असतं. आपण शिकलेली माणसं तो मजकूर वाचतो का? रिझर्व्ह बँकेने २०२२ साली डिजिटल कर्जांसाठी नियम केले आणि कर्जाचा सगळा खर्च एका पत्रकात आधी दाखवायला सांगितलं. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्यात, सावकारीतून बळकावलेली जमीन चौकशी करून परत देण्याची तरतूद आहे. दोन्हींत १८७९ चाच धागा आहे. कागदाच्या मागे जा, माणूस शोधा.

त्या रात्री मालिका संपल्यावर मी ट्रंक उघडली आणि मुलीला दोन्ही कागद दाखवले. तिने खरेदीखत पाहिलं, मग फाटलेला रोखा पाहिला. बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, "अब्बा, मोडी शिकायला किती दिवस लागतात?"

मी म्हणालो, "मलाही माहीत नाही. दोघं मिळून शिकू या."

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)